वसुंधरा येईपर्यंत दाढी सुधारणे

१८ मे १९६१, गुरुवार. झाशी.

आजपासून नवी सिस्टिम. ठरलं म्हणजे ठरलं.

कारण सापडलं आहे. इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. वसुंधरा भुसावळला माहेरी जाऊन बसली आहे, ती माझ्या दाढीमुळं. दुसरं काही नाही. माघात आमची जानकी गेली. सहाव्या महिन्यात होती, उष्टावण व्हायचं होतं, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्याचं दुःख दोघांनाही झालं. होणारच. पण त्यानंतर पाडव्यापर्यंत वसुंधरा इथंच होती आणि तेवढ्या काळात मी एक गोष्ट नीट हेरून ठेवली आहे. सकाळी मी खिडकीत आरसा टेकवून दाढीला बसलो की ती उठून मागच्या सज्जात जायची. रोज. एकदा साबण लावलेलं माझं तोंड बघून तिनं डोळ्यांवर पदर घेतला. एकदा माझा एक गाल व्हायचा असताना पाण्याचा मग उचलला आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. बोलली काही नाही. तशी ती कमीच बोलते.

आता तटस्थपणे बघू. तिचं काय चुकलं? एकच ब्लेड पेल्याच्या काचेवर घासून घासून महिनाभर चालवायचं. नळाचं पाणी. अंगाचा साबण तोच दाढीचा. हनुवटीवर रक्त, गळ्यावर खुंट, टॉवेलवर दोन्ही. टापटिपीची बाई, किती दिवस सोसणार?

तेव्हा श्रीगणेशापासून सुरुवात. जुन्या पद्धतीनं, शास्त्रशुद्ध. अधिक महिना लागलाच आहे, म्हणजे सासुरवाडीचं बोलावणं आज-उद्या येणारच. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे खिलवल्याशिवाय कुठल्या सासूला चैन पडतं? मागच्या अधिकात चांदीचं निरांजन दिलं होतं. बोलावणं आलं की गुळगुळीत गालांनी भुसावळला उतरायचं आणि वसुंधरेला घेऊन यायचं. रेल्वेचा पास काढून ठेवावा.

२० मे.

नानासाहेबांकडून दीक्षा घेतली. नानासाहेब म्हणजे माझे घरमालक. यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडं आले ते ओरछा गेटलाच राहिले. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत घसरतात, पण सत्तरीतही गाल असा की माशी बसली तर घसरावी. म्हणाले, दाढी म्हणजे पूजा आहे भैया, ती उरकायची नसते. आधी गरम पाण्याचा टॉवेल. मग साय. मग वाटीत फेस. मग वस्तरा, एक हात सुलटा, एक हात उलटा. मग तुरटी, मग गार पाणी. मी सगळं मान डोलावून ऐकलं. खरं तर निम्मं मला ठाऊक होतंच.

एलाइटच्या चौकातून ब्रश आणला. दुकानदार म्हणाला, असली बाल है बाबूजी, विलायती जानवर का. कुठलं जानवर, ते त्याला सांगता येईना. घरी भिजवल्यावर कळलं. खालून यमुनाबाईंनी, म्हणजे नानासाहेबांच्या मंडळींनी, ओरडून विचारलं की माडीवर बकरी कोणी नेली.

वास जाईल. चांगल्या वस्तूला सुरुवातीला वास असतोच.

२४ मे, बुधवार.

दुपारची ड्यूटी, म्हणून अकराला बसलो. पाणी तापवावं लागलं नाही. झाशीत जेठात गच्चीवरच्या टाकीचं पाणी असं असतं की त्यात बटाटे उकडावेत. टॉवेल तोंडावर ठेवला आणि ओरडलो. फेस मात्र सुरेख झाला, वाटीतून वर आला. दोन्ही गालांना लावला, वस्तऱ्याऐवजी अजून सेफ्टी रेझरच आहे तो उचलला, तेवढ्यात खिडकीतून लूचा, त्या भाजणाऱ्या वाऱ्याचा, झोत आला आणि फेसाचा पापड झाला. तोंड उघडलं तर तडकला.

पुन्हा फेस. पुन्हा पापड. शेवटी खिडक्या लावून, अंधारात, अंदाजानं केली.

ऑफिसात तिवारीजींनी विचारलं, मांजरानं ओरबाडलं का? तिवारीजी आमचे हेड क्लार्क, गरौठ्याकडचे, पार्सल ऑफिसात माझ्या शेजारी बसतात. मी हसून सोडून दिलं. प्रगती ही अशीच होते.

२६ मे.

साय लावून पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं होतं. कातडी मऊ पडते. पडलो. डोळा लागला. गालावर काहीतरी मऊ, ओलसर फिरायला लागलं. अर्धवट झोपेत मी काय म्हणालो ते इथं लिहायचं कारण नाही.

आलीस का, म्हणालो.

नानासाहेबांचं मांजर होतं. एक गाल चाटून लख्ख केलेला. दुसऱ्याकडं वळत होतं.

साय बंद. ती मुळात थंडीतली पद्धत असावी.

३० मे, मंगळवार.

आज दाढी नाही. मंगळवारी करत नाहीत, नानासाहेबांनी आज सांगितलं. मग म्हटलं एकदा वारांचा निकाल लावूनच घ्या. शनिवारी नाही. एकादशीला नाही, अमावास्या-पौर्णिमेला नाही, रविवारी शक्यतो नाही. ऑफिसात तिवारीजी म्हणाले, गुरुवारी तर बिलकुल नाही, बृहस्पति को बनाओगे तो लक्ष्मी रूठ जाएगी. मी म्हणालो, ती आधीच भुसावळला आहे. त्यांना विनोद कळला नाही. आपल्या डोक्यावरून गेलं की हे लोक असे गप्प होतात.

उरले सोम, बुध, शुक्र. संध्याकाळी नानासाहेब जिना चढून मुद्दाम सांगायला आले की सोमवारही लेकुरवाळ्या माणसानं टाळावा, मुलांना बाधतं. तुम्हाला अर्थात आता सोमवार... असं म्हणाले आणि खाकरले आणि खाली गेले.

सोमवार मी पाळणार आहे. पाळायला काय जातं?

६ जून.

वस्तरा आला! नानासाहेबांच्या वडिलांचा. हस्तिदंती मूठ, पात्यावर साहेबाचं नाव कोरलेलं. मात्र पट्ट्यावर परजल्याशिवाय हात लावायचा नाही. पट्टा कुठून आणणार? माझ्या युनिफॉर्मचा कातडी पट्टा कापला. आयडिया झकास.

पट्टा अडकवायला माजघरात आढ्याची कडी आहेच. सध्या रिकामी असते. तिला बांधून वस्तरा ओढला की कडी वाजते. दोनदा ओढला. ओळखीचा आवाज. सोडला आणि दाराच्या कोयंड्याला बांधला. तिथं हात जास्त चांगला बसतो.

दुपारी अचानक इन्स्पेक्शन. पॅन्ट धोतराच्या काठानं बांधलेली. साहेबांनी पाहिलं, मग वर पाहिलं. तिवारीजी पार्सलांच्या मागं जाऊन खोकत होते.

वस्तरा अजून तोंडाला लावलेला नाही. हातावर लावून पाहिला. हातावर केस उरले नाहीत आणि थोडं कातडंही.

१३ जून, मंगळवार. अमावास्या.

अधिक महिना आज संपला. बोलावणं आलं नाही.

कारणं उघड आहेत. पोस्टाचा गोंधळ. सासरे रिटायर्ड गार्ड, त्यांना वाटलं असणार जावई रेल्वेतला, पासवर येईल हवं तेव्हा, त्याला काय बोलवायचं? घरच्या माणसाला कोणी आमंत्रण देतं का?

आणि दुपारी मेलच्या गार्डनं एक डबा आणून दिला. भुसावळहून! अनारसे! जाळी पडलेले, खसखस जरा जास्त. वसुंधरेचाच हात. ती खसखस नेहमी जास्त घालते. चिठ्ठी नव्हती, पण अनारशाबरोबर चिठ्ठी कशाला? मी गार्डला विचारलं, कोणी दिला? म्हणाला, सासूबाईंनी. आणि मुलगी? ती आत उभी होती म्हणाला. काही म्हणाली? नाही. डब्याकडं बघत होती? साहेब, माझी ड्यूटी होती, म्हणाला.

आत उभी होती. म्हणजे लक्ष होतं. नुसतं काम असतं तर बसलेली असती.

एक खाल्ला. उरलेले ठेवले आहेत. ती आली की बरोबर खाऊ.

२१ जून, बुधवार.

आज वस्तऱ्यानं पूर्ण दाढी. सुलटा हात झाला, उलटा हात झाला. रक्त तीन ठिकाणी, पण तिन्ही ठिकाणं गौण. तुरटी फिरवली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तुरटीचं.

वसुंधरेला सविस्तर पत्र लिहिलं. फेस कसा करावा, वस्तरा किती तिरका धरावा, लूमध्ये खिडकी का लावावी, सगळं. शेवटी लिहिलं, आता माझ्याकडं बघून तुला उठून जावं लागणार नाही. वाचून पाहिलं. माझं अक्षरही सुधारलं आहे. जानकीचा उल्लेख केला नाही. उगाच जखमेवरची खपली कशाला काढा?

अनारशांना मुंग्या लागल्या. उन्हात ठेवले.

१ जुलै.

शशिकांतचं कार्ड! शशिकांत म्हणजे माझा मेहुणा. त्याची बदली आग्र्याला झाली. आठ तारखेच्या मेलनं जाणार, घर लावून द्यायला वसुंधरा बरोबर आहे. जमल्यास स्टेशनवर पाणी घेऊन यावे.

जमल्यास! झाशीवरून जाणाऱ्या मराठी माणसाला फलाटावर डबा नेऊन दिला नाही असं या गावात कधी झालं नाही. माझ्या ओळखीतल्या माणसांशी निम्मी नाती मी खिडकीच्या गजांतूनच सांभाळली आहेत. गाडी इथं बराच वेळ थांबते, इंजिन बदलतं. तेवढा वेळ भरपूर झाला. ती माझं तोंड बघणार, शशिकांत सामान खाली देणार, आणि आग्र्याचं घर त्याचं तो लावेल. मोठा झाला आता.

माजघर झाडलं. तिच्या बाजूची खुंटी रिकामी केली.

७ जुलै.

यमुनाबाईंनी पंचांग काढलं. उद्या एकादशी, डब्यात खिचडीच हवी. साबुदाणा मीच भिजवला. नानासाहेब म्हणाले, शनिवार, वर एकादशी, उद्या वस्तऱ्याला हात लावायचा नाही. आज करून घ्या. आजची उद्या शिळी होते, हे त्यांना कोण सांगणार?

झोप येत नाही, तीनदा उठून साबुदाणा पाहिला. चहा जास्त झाला असावा.

८ जुलै, शनिवार. संध्याकाळ.

सकाळी दाढी केली. नानासाहेब जिन्यात आडवे आले. मी म्हटलं, आज शास्त्र राहू द्या. अशी दाढी जन्मात झाली नव्हती. एक थेंब रक्त नाही. फेस शेवटपर्यंत ओला. गालावरून हात फिरवला तर स्वतःचा वाटेना.

मेल आली. शशिकांत उतरला, वाकून नमस्कार केला, डबा घेतला, सुरई घेतली आणि चहा बघतो म्हणून लांब निघून गेला. समजूतदार पोरगा. वसुंधरा खिडकीशी होती. वाळली आहे. मी डावा गाल उजेडाकडं धरला, डावा जास्त चांगला झाला होता. तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, छान झाली आहे, त्या दिवशीही अशीच झाली होती.

कुठल्या दिवशी, मी विचारलं. खरंच आठवेना.

म्हणाली, जानकीला पोचवून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पाळणा अजून टांगलेला होता. तुम्ही खिडकीत आरसा लावलात आणि मला म्हणालात, थोडं गरम पाणी दे. आणि मी दिलं. उठले, चूल पेटवली, तापवून दिलं.

मी म्हटलं, अगं, मी नानासाहेबांना विचारूनच केलं. दात न आलेल्या मुलाचं सुतक नसतं, आंघोळ केली की सुटलं, असं ते म्हणाले. मोठं कोणी असतं तर मी ब्लेडला शिवलो असतो का? ड्यूटी होती. शास्त्राबाहेर मी काडीइतकंही गेलो नाही.

ती म्हणाली, आला होता.

काय आला होता?

दात, म्हणाली. खालचा. ताप यायच्या आदल्या दिवशी दूध पाजताना बोटाला लागला. तुम्हाला संध्याकाळी मी दाखवणार होते. तुम्ही ओव्हरटाइमला राहिलात. दुसऱ्या दिवशी तापच चढला, मग दाताचा विषय कोण काढतं?

हमाल ओरडत होते. पुढं नवं इंजिन लागलं, डबा हिंदकळला, तिनं गज धरला. मी तिला उतर म्हणालो. नीट म्हणालो, अजिजीनं म्हणालो. पिशवी घ्यायला हातसुद्धा पुढं केला. ती म्हणाली, तुमच्यावर राग नाही. पण तुम्हाला आरशापुढं पाहिलं की मला ते पाणी दिसतं. तुम्ही मागितलंत ते, आणि मी दिलं ते. यावर तुमच्या त्या पद्धतीत काही इलाज असला तर सांगा, मी आत्ता उतरते.

मला एकही सुचला नाही. फलाटावर उभा राहून मी विचार करत होतो आणि शिट्टी झाली. शशिकांत धावत येऊन चढला. गार्डनं घाई केली. दोन मिनिटं जास्त थांबवायला हरकत नव्हती, मी त्याची तक्रार...

नाही. गाडी वेळेवर सुटली.

९ जुलै.

दाढी नाही. रविवार.

१० जुलै.

दाढी नाही. सोमवार.

१२ जुलै.

दाढी नाही. अमावास्या, शिवाय ब्रशला बुरशी आली आहे. पावसाळी हवेत ब्रश उन्हात ठेवावा लागतो, ते राहून गेलं. यमुनाबाई पोळ्या देऊन गेल्या. त्यांना विचारणार होतो की तुम्हाला ठाऊक होतं का, दाताचं. बायकांना एकमेकींत माहीत असतं. विचारलं नाही.

१४ जुलै, शुक्रवार.

आज कुठलीच बंदी नाही. साबण आहे, पाणी आहे, धार आहे. अर्धा तास आरशापुढं बसलो. पाणी कोमट झालं, मग गार झालं. तसंच ओतून दिलं.

वस्तरा नानासाहेबांना परत केला. त्यांनी विचारलं, काय झालं, धार गेली का? मी म्हटलं, नानासाहेब, दात आला होता. त्यांना कळेना. मी सांगितल्यावर ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, दात आला नाही असं मला तुम्हीच सांगितलंत. खरं आहे. मीच सांगितलं होतं. मी पोरीच्या तोंडात कधी बोट घालून पाहिलं होतं?

१९ जुलै, बुधवार.

आज दुपारी काम कमी होतं. तिवारीजी बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते. शेवटी म्हणाले, काए भैया, घर में कोऊ गमी हो गई का? इकडं माणसाची दाढी वाढली की घरात कोणी गेलं का, हेच विचारतात. माझी उत्तरं तयार होती. बुरशी, पावसाळा, कातडीला आराम.

म्हणालो, हाँ. बिटिया.

ते दचकले. ऑफिसात मी कोणाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाढी करून वेळेवर हजर असलेल्या माणसाला कोण काय विचारणार? त्यांनी विचारलं, कब? म्हणालो, माघ में. मला वाटलं आता हसतील, नाहीतर इतके महिने बोलला नाहीस म्हणून झापतील. खिडकीवर एक गिऱ्हाईक पावती आपटत होतं. तिवारीजींनी त्याला हातानं थांबवलं, स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि हळूच विचारलं, केवढी होती?

मला महिने सांगायचे होते.

म्हणालो, एक दाँत आ गया था. नीचे का.